अर्ध्या धोंड्याचा तह

माझ्या दवाखान्यात आलेला माणूस आधी खोटं बोलतो आणि मग खुर्चीवर बसतो. "गोड पार बंद केलंय, बाई," हे ते खोटं. मी अजून काही विचारलेलं नसतं, चष्माही नाकावर चढलेला नसतो. एकदा एक गृहस्थ हे वाक्य बोलत होते आणि त्यांच्या मिशीला बुंदीचा कण चिकटलेला होता. मी तो दाखवला तर म्हणाले, "प्रसादाचा हाय. प्रसादाला शुगर नसती."

मी मधुमेहाची डॉक्टर. मानवतला बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत माझा दवाखाना आहे. केस काळे होते तेव्हापासून मी तिथे बसून लोकांच्या पोटाकडे आणि तोंडाकडे आळीपाळीने बघत आले आहे. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन केला, "मॅडम, मधुमेहावर काहीतरी हलकंफुलकं द्या." मधुमेह हलकाफुलका नाही आणि मीही नाही. पण हा अंक लोक एका हातात करंजी धरून वाचणार हे मला ठाऊक आहे, तेव्हा ओरडण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा वालूरच्या सोपानराव आचाऱ्यांची हकीकत सांगते.

त्याआधी आमच्या धंद्याविषयी थोडं. लोकांना वाटतं आमची लढाई साखरेशी असते. साखर बिचारी गरीब आहे, नको म्हटलं की बरणीत गप्प बसते. आमची खरी लढाई आग्रहाशी. आमच्या भागात कुणाच्या घरी जाऊन "नको" म्हणणं म्हणजे त्या घराशी वैर धरणं. मग माणूस एक घास घेतो, यजमानीणबाईंचा मान राहावा म्हणून दुसरा घेतो, आणि तिसऱ्यापर्यंत त्याचं त्यालाच गोड लागायला लागलेलं असतं. तपासणीच्या आदल्या दिवशी मात्र सगळे कडक उपास करतात, म्हणजे साखर नीट यावी. त्यांच्यासाठी आम्ही मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ताची तपासणी करतो. माझे कंपाउंडर मुनीरभाई तिला "चुगलीखोर टेस्ट" म्हणतात आणि तिचा निकाल फार आनंदाने आत आणून देतात.

मुनीरभाई वयाने माझ्याहून मोठे आहेत आणि दवाखाना त्यांनी काढला, मी तिथे नोकरीला आहे, असा बऱ्याच लोकांचा समज आहे. तो दूर करण्याची त्यांना कधी गरज वाटली नाही. औषध कसं घ्यायचं हे समजावण्यात मात्र त्यांचा हात धरणारा कुणी नाही. आठवड्यातून एकदा घ्यायचं औषध लोक विसरायचे. मुनीरभाईंनी तोड काढली. "बाई, आपल्याकडं हप्ता वारावर न्हाई चालत, बाजारावर चालतो. वार इसरंल माणूस, बाजार न्हाई इसरनार." तेव्हापासून आमच्या दवाखान्याचा नियम झाला : आठवड्याचं औषध बाजाराच्या दिवशी. बाजाराची पिशवी काढली की औषध घ्यायचं. नियम असा काही बसला की आम्हा दोघांना त्याचा गर्व झाला. तो पुढे उतरला, ते येईलच.

सोपानराव हे लग्नाकार्याचे आचारी. वालूरच्या आसपास त्यांच्याशिवाय मांडवातली चूल पेटत नाही. यजमानाने फक्त माणसं किती ते सांगायचं. सोपानराव डोळे मिटणार आणि डाळ किती, तिखट किती, तेल किती, सगळं घडाघडा म्हणून दाखवणार. कागद नाही, पेन्सिल नाही. त्यांचं दुकान त्यांच्या डोक्यात.

त्यांची साखर कशाने वाढली हे मला पहिल्याच भेटीत कळलं. "मी जेवतच न्हाई बाई," ते म्हणाले, "नुसतं चाखतो." आचाऱ्याचं चाखणं म्हणजे भाजीची वाटी, बुंदीची मूठ आणि भजं कच्चं राहिलं का हे बघायला चार भजी. हे दिवसभर. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने, चंद्रकलाबाईंनी, छताकडे पाहिलं. गोळ्या वाढवत नेल्या तरी चुगलीखोर टेस्ट बधेना, तेव्हा मी त्यांना आठवड्यातून एकदा घ्यायची सुई सुरू केली.

ही सुई म्हणजे आतड्याच्याच एका हार्मोनची नक्कल. सोपानरावांना मी ते त्यांच्या भाषेत सांगितलं होतं, तेच इथे सांगते. मोठ्या पंगतीत शेवटच्या रांगेपाशी एक माणूस उभा असतो. पानं भरली की तो चुलीकडे हात करून सांगतो, बस, आता पाठवू नका. आपल्या आतड्यात असा माणूस असतो. जेवण आतड्यात उतरलं की आतडं हार्मोन सोडतं. ते स्वादुपिंडाला सांगतं, इन्सुलिन काढा. जठराला सांगतं, दमानं घ्या. आणि मेंदूला सांगतं, झालं जेवण, हात धुवा. फक्त हा माणूस फार घाईचा. निरोप देतो आणि लगेच दिसेनासा होतो. कारखान्यात बनवलेली त्याची नक्कल आठवडाभर जागची हलत नाही.

"म्हंजे भाड्याचा माणूस उभा करायलाव पंगतीत," सोपानराव म्हणाले.

"तसंच."

"बरं हाय. घरचा ऐकंना तर भाड्याचा."

भाड्याचा माणूस फारच इमानी निघाला. महिन्या-दोन महिन्यांत साखर उतरली, सदऱ्याची बटणं लागायला लागली, पण सोपानराव खिन्न झाले. "बाई, भजं समोर दिसतंय, पन ते वळखीचं वाटंना," असं त्यांनी मला सांगितलं. चव बघायचं काम चंद्रकलाबाईंकडे गेलं. मांडवात आचारी कढईपाशी हाताची घडी घालून उभा आणि बायको चमचा चाटून मान हलवतेय, असं दृश्य लोक कौतुकाने बघू लागले.

मग एके दिवशी सोपानराव एकटेच आले. आत आले, दार लावलं आणि बसले. आणि खोटं काहीच बोलले नाहीत, तेव्हाच मी सावध झाले.

"बाई, लग्नात वरनात मीठ दोनदा पडलं."

"कुणी टाकलं?"

"मीच. चुलीवर हुबा ऱ्हाऊन आठवंना, टाकलं का न्हाई. मनून परत टाकलं." लोकांना त्यांनी सांगितलं होतं की यंदा मीठच जास्त खारट आलंय, आणि वरणात पाणी ओतून वेळ मारून नेली होती. पण त्यांचा चेहरा अजून त्या चुलीपुढेच होता. "माझी आई शेवटी शेवटी मला वळखत नव्हती. पाव्हणं म्हनायची. पाव्हणं, च्या घ्या म्हनायची. आता माझं बी तसंच व्हनार का, एवढं सांगा. बाकी साखरबिखर जाऊ द्या."

स्मृतिभ्रंशाची भीती सगळ्यांनाच असते. पण ज्याचं सगळं भांडवल डोक्यात आहे, त्याची भीती मला त्या दिवशी जवळून दिसली. मी त्यांची स्मरणशक्तीची चाचणी घेतली. तीन शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारायचे असतात. मी सांगितले : आंबा, चावी, रेल्वे. मग घड्याळ काढायला लावलं, ते त्यांनी परातीएवढं काढलं. मग शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं.

"सात कामून काढायचे?" त्यांनी विचारलं.

"चाचणी आहे म्हणून."

"पंगतीतून उठवायचं का मान्साला? शंभर आले तर शंभर जेवतील."

शेवटी त्यांनी वजाबाकी बरोबर केली, पण नाराजीने. आंबा, चावी, रेल्वे हेही बरोबर सांगितलं. रक्त तपासलं तर बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं. माळकरी, मांसमच्छी न खाणारा माणूस, त्यात वर्षानुवर्षं मधुमेहाच्या गोळ्या, असं होतं आणि त्यानेही विसरायला होतं. मी त्याचीही इंजेक्शनं सुरू केली आणि सांगितलं, "तुमच्या आईचा आजार तुम्हाला नाही."

"आज न्हाई," ते म्हणाले. "उद्या?"

मी त्यांना पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली. तेव्हापासून दवाखान्यात येताना ते उंबऱ्यावरच उभं राहून आधी "आंबा, चावी, रेल्वे" म्हणायचे, मग नमस्कार करायचे. बाहेर बसलेल्या नव्या पेशंटांना वाटायचं, आत जाण्याचा काही मंत्र आहे. दोघातिघांनी पाठही केला.

त्याच सुमारास मुनीरभाईंनी पेपरात बातमी वाचली. मुनीरभाई पेपर मनात वाचत नाहीत, सगळ्या बाकांना ऐकू जाईल असा वाचतात. आतड्यातलं हार्मोन मेंदूलाही राखतं, असं शास्त्रज्ञांना वाटू लागलंय, अशी ती बातमी. सोपानराव तिथेच बसलेले होते. ते आत आले ते पेपर घेऊनच. "ह्येच का ते? माझ्यावालं?"

"तेच. पण नीट ऐका." मी पेन खाली ठेवलं. या हार्मोनचा निरोप ऐकणाऱ्या जागा मेंदूतही आहेत. उंदरांमध्ये त्याने मेंदूची सूज कमी झाली, पेशी तग धरून राहिल्या. अशी औषधं घेणाऱ्या मधुमेहींमध्ये विसरभोळेपणा कमी दिसतो की काय, अशीही शंका काहींना आली आहे. तेव्हा कदाचित, मी म्हणाले, कदाचित हा पंगतीतला माणूस मेंदूच्या दारावरही पहारा देत असेल. कदाचित नसेलही. सिद्ध काही झालेलं नाही.

मी "कदाचित" हा शब्द जितक्यांदा म्हणता येईल तितक्यांदा म्हणाले. पण आमच्याकडे तो शब्द दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंतसुद्धा टिकत नाही. संध्याकाळपर्यंत वालूरला बातमी पोहोचली की मानवतच्या बाईकडे डोक्याची सुई आली. पुढचे कित्येक दिवस मी साखर सोडून हेच निस्तरत होते. एक बाई नवऱ्याला घेऊन आल्या : "ह्यान्ला मी सांगितलेलं काहीच आठवत न्हाई, बाकी समदं आठवतंय." तो आजार नाही, हे त्यांना पटवता आलं नाही. एका गृहस्थांना सुई भावासाठी हवी होती, कारण भाऊ शेताच्या वाटणीबद्दलचे वडिलांचे शब्द विसरला होता. मुनीरभाई दारात उभे राहून एकेकाला समजावत, "अरे बाबा, ही याददाश्त वाढवायची न्हाई, साखरेची हाय," आणि लोक एकमेकांना डोळा घालत की ह्यांना नातेवाइकांसाठी राखून ठेवायची आहे.

हे सगळं निवतंय तोवर धोंड्याचा महिना आला.

मधुमेहाच्या डॉक्टरला अधिक महिन्यासारखा वैरी नाही. दर तिसऱ्या वर्षाच्या आसपास तो येतो आणि जावयाला सासुरवाडीला धोंडे जेवायला बोलावलं जातं. कणकेच्या पारीत पुरण भरून वाफवलेले धोंडे, त्यावर तुपाची धार, वर अनारसे. जावई म्हणजे साक्षात नारायण, आणि नारायणाला मधुमेह असल्याचं कुठे लिहिलेलं नाही. साठीच्या, सत्तरीच्या जावयांनाही सुटका नाही, सासू हयात असली की झालं.

सोपानरावांच्या सासू कौसाबाई (ते त्यांना मामी म्हणत) नुसत्या हयात नव्हत्या, चांगल्या खणखणीत होत्या. देवगाव फाट्याजवळच्या एका खेड्यात राहायच्या. ऐंशी ओलांडलेली, काडीसारखी बाई, पण गावातल्या कुठल्या घरात कोणती सून कुठून आली आणि तिच्या लग्नात भात कच्चा राहिला होता का, हे सगळं तोंडपाठ. सोपानराव आणि चंद्रकलाबाई त्यांच्याकडे चांगले आठवडाभर राहायला गेले.

आणि एका दुपारी जीप माझ्या दारात थांबली. सोपानरावांना दोघांनी धरून आत आणलं. पोट ढोलासारखं फुगलेलं, तोंड पांढरंफटक, सकाळपासून उलट्या. मागे चंद्रकलाबाई रडत, आणि त्यांच्या मागे हातात स्टीलचा डबा घेतलेल्या कौसाबाई.

"डब्यात काय आहे?" मी विचारलं.

"धोंडे. दवाखान्यात भूक लागंल ह्यान्ला."

मी सलाईन लावायला सांगितलं आणि चौकशी सुरू केली. किती खाल्ले? चंद्रकलाबाईंनी आईकडे पाहिलं. शेवटी कौसाबाईच पुढे झाल्या. त्यांचा युक्तिवाद मला अजून शब्दन् शब्द आठवतो. "तुमीच सांगितलंय न्हवं जावईबापूला, जेवल्यावर आतड्यातून ते काय ते निघतंय आन डोकं राखतंय?"

"हो, पण..."

"मग जेवल्याबिगर कसं निघंल? मनून मी वाढलं. जितकं जेवंल तितकं डोकं शाबूत ऱ्हाईल. ह्यो मानूस नको म्हनायलाय, मला पोट भरलं म्हनायलाय. मी म्हनलं, पोटाचं काय घिऊन बसला, डोक्यासाठी खा."

माझी सगळी शिकवण त्या बाईने माझ्याच पदरात उलटी करून टाकली होती, आणि तिच्यात तर्काची चूक शोधायला मला क्षणभर थांबावं लागलं. जठर दमाने चालवणाऱ्या सुईवर हा माणूस होता, त्यावर तुपात बुडवलेले धोंडे. अन्न पुढे सरकायलाच तयार नव्हतं. तरी एवढा त्रास मला जास्त वाटला. "सुई कधी घेतली?" मी विचारलं.

"तिकडं जायच्या आदी घितली, वालूरला," चंद्रकलाबाई म्हणाल्या. मग थांबल्या. "आन... तिकडं बी घितली. मी पाह्यलं. मला वाटलं डाक्टरनी वाढवली आसंल." आणि एकदम त्यांचा बांध फुटला. "इसरले हो बाई हे. घितलेली सुई इसरून परत घितली. मिठासारखं झालं. लागलं त्यांच्या आईच्या वाटंला."

 मीही घाबरले. पोट मी दोन दिवसांत ताळ्यावर आणलं असतं, पण हे निराळं होतं. मी खाटेपाशी जाऊन वाकले. "सोपानराव, सुई एकाच आठवड्यात दोनदा घेतली?"

त्यांनी डोळे उघडले. "हाव."

"पहिली घेतल्याचं आठवत नव्हतं?"

"आठवत न्हवतं कसं? वालूरच्या बाजाराला घितली." त्यांनी दम खाल्ला. "मग तिकडं फाट्याला गेलो, तर तितं बी बाजार भरला व्हता. मामीनं पिशवी दिली कांदे आनायला. तुमचा हुकूम हाय, बाजाराची पिशवी काढली की सुई. सुईचं दुसरं पेन थर्मासमधी बर्फात घालून नेलंच व्हतं." आणि मग, बायकोच्या रडण्याचा अर्थ लक्षात येऊन, त्यांनी हात वर केला. "आंबा, चावी, रेल्वे."

मी मुनीरभाईंकडे पाहिलं. मुनीरभाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते. आमच्या नियमाचं एवढं तंतोतंत पालन आजवर कुणी केलं नव्हतं. मला हसू आवरेना, आणि आनंदाने हसत असल्याने ते लवकर थांबेना. चंद्रकलाबाई रडता रडता विचारू लागल्या की बाई हसायल्यात म्हंजे चांगलं का वाईट. चांगलं, मी म्हणाले, फार चांगलं. यांचं डोकं कुठे गेलेलं नाही.

सोपानराव दोन दिवसांनी उठून बसले. घरी सोडायच्या आधी मी कौसाबाईंना समोर बसवलं. दुप्पट जेवलं म्हणून आतड्याचं हार्मोन दुप्पट सुटत नाही, आणि यांना ते सुईतून मिळतंच आहे, हे सांगितलं. यापुढे धोंडे बंद, असंही सांगितलं.

"जावई सासूच्या दारात धोंडा न खाता गेला तर लोक काय म्हनतील? दोन तरी."

"एकही नाही."

"एक."

"बाई, तुमच्या हाताने त्यांना परत इथे आणायचं आहे का?"

"पाऊन."

मधुमेहाच्या डॉक्टरला शेवटी तह करता आला पाहिजे. आम्ही अर्ध्यावर आलो. जावयाला धोंडा अर्धा, ही कौसाबाईंनी कबूल केलेली सीमा. जाताना दाराबाहेर मुनीरभाईंना त्या माझ्याविषयी म्हणाल्या ते मला आतपर्यंत ऐकू आलं : "लय कजाग हाय रे तुमची डाक्टरीन. नांदली कशी आसंल."

आमचा नियमही आम्ही बदलला. आता मुनीरभाई प्रत्येकाला सांगतात, "आपल्या गावच्या बाजाराला. पाव्हण्याच्या न्हाई."

पुढची वर्षं सोपानरावांची चांगली गेली. मीठ पुन्हा दोनदा पडलं नाही. बी-१२ मुळे, साखर आटोक्यात आल्यामुळे, की आतड्याच्या त्या हार्मोनमुळे, कुणी विचारलं तर मी सांगू शकत नाही. मधल्या काळात बातम्याही फिरल्या. ज्यांना स्मृतिभ्रंश आधीच जडलाय, त्यांच्यावरच्या मोठ्या चाचणीत या औषधाने आजाराचा वेग कमी झाला नाही. कंपवाताच्या बाबतीत कुठे आशा दिसली, कुठे नाही. शोध चालू आहे, आणि मला अजूनही वाटतं की त्यातून काहीतरी निघेल. पण ती वाईट बातमी मुनीरभाईंनी मोठ्याने वाचायच्या आत मी सोपानरावांना स्वतः सांगितली.

त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग म्हणाले, "सुई बंद?"

"साखरेसाठी चालू."

"आन डोक्याचं?"

"माहीत नाही."

"चालतंय," ते म्हणाले. "पंगतीला किती येतील ते तरी कुटं म्हाईत आसतंय. आंदाजानंच चूल पेटवायची."

एवढ्या वर्षांत माझ्या "माहीत नाही"चा इतका मान कुणी ठेवला नव्हता.

मग गेल्या वर्षी ते एकदा आले ते कौसाबाईंना घेऊन. "मामी तीच च्या परत परत करायलीय," ते हळूच म्हणाले. म्हातारी खुर्चीत नीट बसली, पदर सारखा केला आणि माझ्याकडे पाहून ओळखीचं हसली, जसं आपण ओळख पटली नाही की हसतो.

मी तीन शब्द सांगितले. इकडचं तिकडचं बोलले आणि मग परत विचारले. कौसाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांच्या खुर्चीमागे सोपानराव उभे होते, आणि मला कळेना हा फुसफुस आवाज कुठून येतोय.

"आंबा," सोपानराव कुजबुजत होते. "मामी, आंबा. चावी."

"सोपानराव, तुमची परीक्षा नाही."

"न्हाई बाई. पन मामीला पास करा."

मला पास करता आलं नाही. सगळ्या तपासण्या केल्या, दुरुस्त होण्यासारखं कारण सापडलं नाही. ज्या आजाराला सोपानराव इतकी वर्षं घाबरून होते, तो त्यांच्या घरी आला आणि खणखणीत म्हातारीच्या शेजारी जाऊन बसला. चंद्रकलाबाई आईला बाहेर घेऊन गेल्यावर सोपानराव मागे थांबले.

"माझी सुई मामीला दिली तर? मी गोळ्यांवर काढतो."

ते गंभीर होते. मी त्यांना सांगितलं की आजार लागल्यावर ती उपयोगी पडल्याचं दिसलेलं नाही. आणि मामींच्या अंगावर मुळात मांस नाही. त्यांची भूक मारली तर त्या आणखी वाळतील. त्यांना तुमच्या उलटं औषध, मी म्हणाले. ओळखीचं घर, ओळखीची माणसं आणि पोटभर जेवण.

"म्हंजे आग्रह," ते म्हणाले.

"हो. आग्रह." हा शब्द औषध म्हणून माझ्या तोंडून निघेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

यंदा परत धोंड्याचा महिना आला. सोपानरावांचा फोन आला की तुम्ही स्वतः या आणि अर्ध्याचा तह पाळला जातो का बघा. मी कुणाच्या घरी जेवायला जात नाही, ते परवडत नाही. पण गेले, कौसाबाईंच्या खेड्यावर. कौसाबाईंना आता चुलीपाशी जाऊ देत नव्हते, म्हणून धोंडे जावयानेच केले होते. अंगणात लिंबाखाली सतरंजी अंथरली होती. सोपानरावांनी पहिलं ताट सासूपुढे ठेवलं, तूप घातलं आणि समोर उकिडवे बसले. "घ्या मामी."

कौसाबाईंनी एक घास तोंडात घेतला. सावकाश चावला. मग त्यांनी सोपानरावांकडे पाहिलं, खांद्यावरच्या पंच्याकडे पाहिलं.

"आचारी का तुमी?"

सोपानरावांचा हात तुपाच्या भांड्यावर तसाच राहिला. "हाव," ते म्हणाले.

"हात चांगलाय तुमचा." म्हातारीने आणखी एक घास घेतला. "एक काम करा पाव्हणं. माझा जावई यायलाय. त्याला अर्धाच वाढा."

चंद्रकलाबाई दारात होत्या, त्या आत वळल्या.

"अर्धाच वाढतो," सोपानराव म्हणाले.

"त्याला सुई हाय. त्याची डाक्टरीन लय कजाग हाय, अख्खा दिला तर माझ्यावर वरडती." मग जरा पुढे झुकून, "तूप मातर ज्यादा घाला. तुपाचं तिनं काय सांगितलं न्हाई."

मी शेजारीच बसले होते. चेहरे गेले, नावं गेली, मघाचा चहा गेला, आणि आमचा तह तेवढा त्या डोक्यात जागच्या जागी होता. तो कुठल्या हार्मोनने राखला, हे मला कुठल्या पुस्तकात सापडणार नाही.

कौसाबाईंनी ताटातला दुसरा धोंडा घेतला आणि मधोमध मोडला. एक अर्धा जावयासाठी ताटाच्या कडेला राखून ठेवला. उरलेला अर्धा त्यांनी सोपानरावांच्या हातावर ठेवला. "ह्यो तुमी खा," त्या हळूच म्हणाल्या. "सकाळपसून चुलीपाशी हाव. खा, कुनी बघत न्हाई."

सोपानरावांनी तो खाल्ला. मग कौसाबाईंनी जावयासाठी राखलेल्या अर्ध्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, आणि तोही उचलून त्यांच्यापुढे धरला. "त्यो येईस्तवर गार व्हईल. ह्यो बी तुमीच घ्या."

अर्धा आणि अर्धा. सोपानरावांनी हात पुढे केला नाही. भरल्या डोळ्यांनी त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं.

मी चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला. चष्मा नसला की मला समोरचं ताट दिसत नाही. तो मी बराच वेळ पुसत बसले.